रियुनियनचा लाव्हा आणि नागपूरचा काळा दगड: समस्थानिकांवरून प्रावरण कसं वाचायचं?

सेमिनरीहिल्स

सीताबर्डीची टेकडी, सेमिनरी हिल्स, गिट्टीखदान इथला काळा दगड म्हणजे दख्खनच्या लाव्हाची पूर्वेकडची कड. हा लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी वाहिला. त्याचा उगम ज्या हॉटस्पॉटशी (प्रावरणातून गरम माल सतत वर येणाऱ्या जागेशी) जोडतात, तो आज हिंदी महासागरातल्या रियुनियन बेटाखाली आहे. मधली वाट लक्षद्वीप-चागोस कटक, मस्करीन पठार आणि मॉरिशस अशी जाते. एम.एस्सी.च्या प्रकल्पांत "आमच्या नमुन्यांची तुलना रियुनियनशी केली" असं वाक्य सर्रास येतं. ती तुलना नेमकी कशी होते आणि कुठे फसते, हे इथे एकत्र लिहूया.

पाया असा. प्रावरण थोडंसं वितळलं की रुबिडियम स्ट्रॉन्शियमपेक्षा जास्त प्रमाणात शिलारसात जातं, म्हणजे मूलद्रव्यांचं प्रमाण बदलतं. पण स्ट्रॉन्शियम ८७ आणि ८६ हे एकाच मूलद्रव्याचे अणू, वजनाने जवळजवळ सारखे. वितळण्याच्या तापमानाला ते वेगळे पडत नाहीत, आणि जो थोडा फरक पडतो तो मोजणीतल्या दुरुस्तीत निघून जातो. त्यामुळे ताज्या लाव्हातलं ८७/८६ हे गुणोत्तर उगमातल्या प्रावरणाचंच असतं. रुबिडियम ८७ चा क्षय होऊन स्ट्रॉन्शियम ८७ तयार होतं; त्याचा अर्धायुकाल सुमारे ४९६० कोटी वर्षं. ज्या प्रावरणातून रुबिडियम फार पूर्वी निघून गेलं, त्याचं ८७/८६ आज कमी दिसतं. निओडिमियमचं उलटं आहे: वितळताना निओडिमियम जास्त निघतं, सॅमेरियम (ज्याच्या क्षयातून निओडिमियम १४३ होतं) मागे राहतं, म्हणून अशा झिजलेल्या प्रावरणात १४३/१४४ जास्त येतं.

प्रावरण वाचायला बेटंच का? महासागराखालचं कवच ६-७ किलोमीटर जाडीचं आणि भूशास्त्राच्या मानाने तरुण. शिलारस वर येताना त्यात जुनं ग्रॅनाइट-नीस मिसळण्याची शक्यता कमी. नागपूरला मात्र लाव्हाखाली तिरोडी नीस, सौसर आणि गोंडवन असे जुने खडक बसलेले आहेत.

वैनगंगा

आकडे देते, म्हणजे चर्चेला जमीन मिळेल.

मध्यसागरी कटकांवरच्या बसाल्टमध्ये स्ट्रॉन्शियम ८७/८६ साधारण ०.७०२५ ते ०.७०३ च्या आसपास. रियुनियनचा लाव्हा ०.७०४० ते ०.७०४४ च्या अरुंद पट्ट्यात, निओडिमियम १४३/१४४ सुमारे ०.५१२८५. इतकं एकजिनसी बेट विरळाच. दुसऱ्या टोकाला सामोआ: तिथल्या समुद्रतळावरच्या काही लाव्हांत ०.७२० च्या वर गेलेलं मूल्य २००७ साली नोंदलं गेलं.

प्रावरण एकसारखं नाही, हे बेटांवरून १९६४ मध्ये पुढे आलं. गास्ट, टिल्टन आणि हेज यांनी अटलांटिकमधल्या असेन्शन आणि गॉफ बेटांच्या लाव्हात शिसं आणि स्ट्रॉन्शियमची गुणोत्तरं वेगवेगळी असल्याचं दाखवलं. १९८६ मध्ये झिंडलर आणि हार्ट यांनी टोकाचे घटक वेगळे काढले. एक, झिजलेलं प्रावरण. दोन, जास्त युरेनियम-शिसे प्रमाण असलेला घटक; सेंट हेलेना आणि मांगाया बेटांवर शिसं २०६/२०४ (२०६ युरेनियमच्या क्षयातून येतं) एकवीसच्या आसपास किंवा वर जातं. तीन आणि चार, समृद्ध (रुबिडियमसारखी मूलद्रव्यं जास्त असलेल्या) प्रावरणाचे दोन प्रकार: पिटकेर्न बेट पहिल्याचं, सामोआ दुसऱ्याचं ठरलेलं उदाहरण.

रियुनियन यांतल्या एकाही टोकाला नाही. आलेखात ते मध्येच येतं. म्हणून तुलनेला ते अवघड आहे: मध्यावर येणारा बिंदू दोन टोकांच्या मिश्रणातूनही मिळू शकतो आणि स्वतंत्र घटकातूनही.

नागनदी

म्हणजे बेटाचा लाव्हा हे पृथ्वीच्या आदिम प्रावरणाचं मूल्य, असं धरून चालणार नाही का? बऱ्याच नोट्समध्ये तसंच लिहिलेलं असतं.

वैनगंगा

नाही, आणि ही चूक मुळातून काढायला हवी. हॉफमन आणि व्हाइट यांनी १९८२ मध्ये मांडलं की बेटांचा बराचसा माल म्हणजे खाली बुडालेलं आणि परत वर आलेलं जुनं महासागरी कवच. त्याला २०१३ मध्ये जोरदार आधार मिळाला. मांगायाच्या लाव्हातल्या ऑलिव्हीन या खनिजात अडकलेल्या सल्फाइडच्या कणांत गंधकाच्या समस्थानिकांची अशी विसंगती सापडली, जी सुमारे २४५ कोटी वर्षांपूर्वीपर्यंतच्या ऑक्सिजनविरहित वातावरणातच तयार होत असे. पृष्ठभागावरचं गंधक खोल प्रावरणात जाऊन बेटावर परत आलं, असाच त्याचा अर्थ निघतो.

आदिम अंशाचा शोध वेगळ्या मार्गाने लागतो, हेलियमने. त्यावर पुढे लिहीन. आधी नमुन्याचं होऊ दे.

गिट्टीखदान

नमुन्याचं मी सांगतो. यंत्र कितीही भारी असो, दगड खराब असला तं आकडा खराबच येते.

प्रवाहाच्या मधला घट्ट भाग घ्या. वरचा पुटकुळ्यांचा थर घ्याचा नाही, कारण पुटकुळ्यांत झिओलाइट, कॅल्साइट, क्वार्ट्झ भरलेलं असते. लाल बोलच्या (दोन प्रवाहांमधल्या लाल मातीच्या थराच्या) जवळचा घ्याचा नाही. कांद्यासारखा पापुद्रे सुटणारा गोटा असला तं त्याचा गाभाही सोडा. खदानीत नवीन फोडलेला चेहरा मिळते, हे आपल्या भागाचं भाग्य समजा. रियुनियनवर उष्ण पाऊस आणि समुद्राची खारी फवार, म्हणून तिथं ताज्या उद्रेकाचा दगड पाह्यजे. समुद्राच्या पाण्याचं स्ट्रॉन्शियम ०.७०९२. लाव्हा ०.७०४२ चा. थोडंसं पाणी मुरलं की आकडा वर सरकते, आणि माणूस म्हणते की समृद्ध प्रावरण सापडलं.

१ ते २ किलो आणा. बाहेरचा सगळा तपकिरी भाग करवतीनं काढा. मग करवतीच्या खुणा सिलिकॉन कार्बाइडच्या कागदावर घासून काढा, कारण पात्याचा धातू दगडात बसते. हातोड्याचा मार लागलेले तुकडेही फेका. दगडावर रंगानं नंबर लिहू नका, जुन्या रंगात शिसं असते. नंबर पिशवीवर लिहा.

जॉ क्रशरमधून काढून २ ते ५ मिलिमीटरचे तुकडे चाळा, शुद्ध पाण्यात अल्ट्रासोनिकमध्ये धुवा, वाळवा. मग बायनॉक्युलर सूक्ष्मदर्शकाखाली एकेक तुकडा निवडा. पांढरा ठिपका दिसला, हिरवट माती दिसली, की बाजूला. यालेच लोक कंटाळतात, आणि इथंच काम बिघडते. शेवटी अॅगेटच्या खलात बारीक करा. टंगस्टन कार्बाइडची चक्की वापरली तं टंगस्टन, कोबाल्ट, टँटलम तिथूनच येते.

स्फटिका

@गिट्टीखदान भाऊंच्या यादीत एक भर: दोन नमुन्यांच्या मध्ये शुद्ध क्वार्ट्झ दळून खल साफ करा, आणि नमुना घालण्याआधी त्याचाच थोडा भाग दळून फेका.

आता रसायन. आधी हिशेब, कारण किती पावडर घ्यायची हे त्यावर ठरतं. १०० मिलिग्रॅम पावडरीत स्ट्रॉन्शियम २५० पीपीएम (दशलक्षात २५० भाग) असेल तर २५ मायक्रोग्रॅम मिळतं, गरजेच्या कितीतरी पट. निओडिमियम २० पीपीएम धरलं तर २ मायक्रोग्रॅम, पुरेसं. शिसं २ पीपीएम असेल तर फक्त २०० नॅनोग्रॅम. त्यात प्रयोगशाळेतून ०.१ नॅनोग्रॅम शिसं मिसळलं तर ०.०५ टक्के. म्हणून शिशासाठी २०० ते ३०० मिलिग्रॅम घ्या, विशेषतः आम्लाने धुणार असाल तर.

आम्लधुणी. ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक आम्लात पावडर गरम करायची, अल्ट्रासोनिकमध्ये ठेवायची, गढूळ द्रव ओतून टाकायचा. द्रव स्वच्छ राहीपर्यंत हेच परत, मग शुद्ध पाण्याने दोनदा. नमुन्याचं निम्मं वजनही जाऊ शकतं, घाबरू नका. जातं ते मुख्यतः बदललेली काच, माती, कार्बोनेट. धुतलेल्या आणि न धुतलेल्या पावडरीचं स्ट्रॉन्शियम निदान काही नमुन्यांत दोन्ही मोजा. फरक आला तर तो बदल किती झाला होता ते सांगतो. निओडिमियम सहसा हलत नाही.

विरघळवणे. टेफ्लॉनच्या झाकणबंद बाटलीत तीन भाग हायड्रोफ्लोरिक आणि एक भाग नायट्रिक आम्ल, १२० ते १४० अंशांवर ४८ तास. कोरडं करा, तीव्र नायट्रिक टाकून परत कोरडं करा, मग ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिकमध्ये एक रात्र. सगळी आम्लं ऊर्ध्वपातित हवीत. हायड्रोफ्लोरिक आम्ल फ्यूम हूडमध्येच हाताळायचं, योग्य हातमोजे आणि चेहऱ्यावर ढाल, आणि कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी. अंगावर पडलं तर सुरुवातीला दुखेलच असं नाही, पण ते आत शिरून कॅल्शियम बांधून टाकतं. दुखण्याची वाट पाहू नये: लगेच भरपूर पाण्याने धुवायचं, जेल चोळायचं आणि दवाखाना गाठायचा.

नागनदी

४८ तासांनंतर तळाशी पांढरा साका राहतो. हे न विरघळलेलं खनिज आहे की काय?

स्फटिका

बसाल्टमध्ये बहुतेक वेळा ते कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे फ्लोराइड असतात. कारण असं की पहिलं कोरडं करणं अर्धवट झालं किंवा जास्त तापवून पापडी जळली. दुर्मीळ मृदा मूलद्रव्यं, म्हणजे निओडिमियम आणि सॅमेरियम, या फ्लोराइडमध्ये जाऊन बसतात. साका गाळून पुढे गेलात तर निओडिमियम कमी मिळेलच, शिवाय सॅमेरियम-निओडिमियमचं प्रमाणही बिघडेल. तीव्र नायट्रिक टाकून दोन-तीनदा कोरडं करा, नंतर ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिकमध्ये झाकण लावून गरम करा. द्रव आरपार स्वच्छ दिसल्याशिवाय स्तंभावर (मूलद्रव्यं वेगळी करणाऱ्या रेझिनच्या नळीवर) चढवू नका. काळे कण राहिले तर ती स्पिनेलसारखी हट्टी खनिजं असण्याची शक्यता; त्यांना उच्च दाबाची बाटली लागते.

स्तंभांचं थोडक्यात. शिसं आधी: ऋणायन रेझिन, सौम्य हायड्रोब्रोमिक आम्लात चढवायचं, ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिकने उतरवायचं. स्ट्रॉन्शियमसाठी खास स्ट्रॉन्शियम रेझिन: साधारण ३ नॉर्मल नायट्रिकमध्ये चढतं आणि शुद्ध पाण्यात उतरतं. दुर्मीळ मृदा मूलद्रव्यांचा गट धनायन रेझिनवर वेगळा करून निओडिमियम दुसऱ्या स्तंभावर सॅमेरियमपासून तोडायचं. रेझिनची नवी बाटली उघडली की उतरण्याचे घनफळ परत तपासा. खोलीचं तापमान बदललं तरी निओडिमियमचा टप्पा सरकतो, आणि आपल्याकडे मे आणि डिसेंबरच्या खोलीत मोठं अंतर असतं, वातानुकूलन बंद पडलं तर फारच.

अंबाझरी

यंत्राची, म्हणजे समस्थानिक मोजणाऱ्या मास स्पेक्ट्रोमीटरची, बाजू मी घेतो. हे काम अहमदाबादची भौतिकी संशोधन प्रयोगशाळा, हैदराबादची एनजीआरआय (राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्था), बंगळूरची आयआयएससी, तिरुअनंतपुरमचं राष्ट्रीय पृथ्वी विज्ञान अध्ययन केंद्र अशा ठिकाणी होतं. नागपुरातून नमुने निवडून, पातळ छेद (सूक्ष्मदर्शकासाठी कापलेली दगडाची पातळ चकती) पाहून आणि मूलद्रव्यांचं विश्लेषण करूनच तिकडे जावं.

स्ट्रॉन्शियम: ऱ्हेनियमच्या तारेवर २०० ते ५०० नॅनोग्रॅम, टँटलमचा उत्तेजक घालून. तार हळूहळू तापवा. रुबिडियम कमी तापमानाला उडतं, ते आधी जाऊ द्या, कारण रुबिडियम ८७ थेट स्ट्रॉन्शियम ८७ वर बसतं. ८५ वस्तुमानावर लक्ष ठेवा, तिथे दिसतं ते रुबिडियम. दुरुस्तीसाठी रुबिडियम ८७/८५ सुमारे ०.३८६ धरतात. ८५ चा संकेत मोठा असेल तर दुरुस्ती करत बसू नका, स्तंभ परत चालवा.

वस्तुमानभेदाची (हलके आणि जड समस्थानिक यंत्रात सारखे मोजले जात नाहीत, त्याची) दुरुस्ती स्ट्रॉन्शियम ८६/८८ = ०.११९४ धरून, निओडिमियमची १४६/१४४ = ०.७२१९ धरून. शिशाला ही सोय नाही, कारण त्याच्या चार स्थिर समस्थानिकांपैकी तीन क्षयातून वाढतात आणि न बदलणारा एकटा २०४ उरतो. एकाच न बदलणाऱ्या समस्थानिकावरून गुणोत्तर बांधता येत नाही. म्हणून प्लाझ्मा यंत्रात थॅलियम मिसळतात किंवा दुहेरी स्पाइक (माहीत प्रमाणात मिसळलेले दोन समस्थानिक) वापरतात. प्लाझ्मामध्ये पारा २०४ शिशाच्या २०४ वर येतो, त्यासाठी २०२ वर नजर.

मानकं, म्हणजे मूल्य माहीत असलेले नमुने: स्ट्रॉन्शियमच्या एनबीएस ९८७ ला ०.७१०२५, निओडिमियमच्या जेएनडीआय-१ ला ०.५१२११५, एनबीएस ९८१ चं शिसं २०६/२०४ सुमारे १६.९४. दर खेपेला मानक मोजा. आणि एक पूर्ण खडक-मानक नमुन्यासारखंच विरघळवून मोजा, कारण शुद्ध द्रावणाचं मानक तुमचं रसायन तपासत नाही. बीएचव्हीओ-२ हे हवाईच्या किलाउएआ ज्वालामुखीचं बसाल्ट आहे, म्हणजे बेटाचाच खडक: स्ट्रॉन्शियम ०.७०३४७ च्या जवळ, निओडिमियम ०.५१२९८. फक्त शिशासाठी ते सावधपणे वापरा. पावडर करताना त्यात बाहेरचं शिसं मिसळल्याचं आम्लधुणीच्या प्रयोगांतून दिसलं आहे.

नागनदी

नागपूरच्या नमुन्याला वयाची दुरुस्ती (लाव्हा थिजल्यापासून क्षयातून वाढलेला भाग वजा करणं) किती मोठी येते? रियुनियनला तर लागतच नाही ना?

अंबाझरी

रियुनियनच्या अलीकडच्या लाव्हाला नाही. दख्खनला लागते. उदाहरण: रुबिडियम १० पीपीएम, स्ट्रॉन्शियम २२० पीपीएम. वजनाचं प्रमाण ०.०४५५, त्याला २.८९ ने गुणलं की रुबिडियम ८७/स्ट्रॉन्शियम ८६ = ०.१३१. क्षयांक १.३९७२ × १०⁻¹¹ प्रतिवर्ष, वय ६.६ कोटी, गुणाकार ०.०००९२२. दुरुस्ती ०.१३१ × ०.०००९२२ = ०.०००१२. मोजलेलं ०.७०४५० असेल तर सुरुवातीचं ०.७०४३८. मोजणीची अनिश्चितता ०.००००१ ते ०.००००२, म्हणजे दुरुस्ती तिच्या कित्येक पट. वगळून चालणार नाही.

इथे सापळा आहे. आम्लाने धुतलेल्या पावडरीचं समस्थानिक आणि न धुतलेल्या पावडरीचं रुबिडियम, अशी जोडी लावू नका. धुण्यात रुबिडियम आणि स्ट्रॉन्शियम सारख्या प्रमाणात जात नाहीत. दोन्ही एकाच उरलेल्या पावडरीवर मोजा. आणि रुबिडियम हवामानाने सहज हलतं, त्यामुळे झिजलेल्या खडकात दुरुस्तीच चुकते.

निओडिमियमचं एप्सिलॉन (कॉन्ड्राइट उल्कांच्या मूल्यापासूनचा फरक, दहा हजारांत किती भाग) काढताना कॉन्ड्राइटचं मूल्य कोणतं घेतलं ते लिहा. ०.५१२६३० घेतलं तर ०.५१२८५ चं +४.३ येतं, ०.५१२६३८ घेतलं तर +४.१. जुन्या-नव्या शोधनिबंधांचे आकडे एका आलेखात टाकताना आधी सगळे एकाच मूल्यावर आणा.

सेमिनरीहिल्स

आता मूळ मुद्द्यावर. दख्खनमध्येही सगळे प्रवाह प्रावरणाबद्दल बोलत नाहीत. सह्याद्रीतल्या लाव्हाप्रवाहांच्या बुशे गटात सुरुवातीचं स्ट्रॉन्शियम ०.७१३ च्या वर जातं, तो कवचाचा हिस्सा. अंबेनळी गट सगळ्यात कमी मिसळलेला: साधारण ०.७०४ च्या आसपास आणि एप्सिलॉन निओडिमियम धन. म्हणून रियुनियनशी तुलना करायची तर अंबेनळीपासून सुरुवात करतात.

नागपूरच्या प्रवाहांसाठी पहिली परीक्षा: स्ट्रॉन्शियमची सुरुवातीची मूल्यं सिलिका किंवा मॅग्नेशियमसमोर मांडा. मॅग्नेशियम घटताना स्ट्रॉन्शियम ८७/८६ चढत असेल तर शिलारस थंड होता होता कवच खात होता. बेरियम, थोरियम वर आणि नायोबियम खाली दिसलं तर तीच दिशा. तिरोडी नीसचा स्थानिक नमुनाही मोजायला हवा, नाहीतर मिसळण्याच्या वक्राला दुसरं टोकच नसतं.

वैनगंगा

अंबेनळीबद्दल माझा वेगळा आग्रह आहे. तिचं एप्सिलॉन निओडिमियम काही प्रवाहांत रियुनियनपेक्षा वर जातं. म्हणजे अंबेनळी हा शुद्ध हॉटस्पॉटचा माल नाही. त्यात हिंदी महासागराच्या कटकाखाली असतं तसं प्रावरण मिसळलेलं असू शकतं. कवचाचा हिस्सा कमी आहे एवढ्यावरून तिला प्लूमचा (हॉटस्पॉटखालून वर येणाऱ्या गरम प्रावरणाच्या झोताचा) नमुना म्हणू नये.

सेमिनरीहिल्स

मान्य. म्हणूनच शिसं हवं. आणि जबलपूर-मंडलाकडच्या प्रवाहांचा धडाही लक्षात ठेवावा: मूलद्रव्यांचं रसायन सह्याद्रीतल्या गटांशी जुळतं, पण काही ठिकाणी शिशाची गुणोत्तरं जुळत नाहीत. नागपूरच्या प्रवाहाला फक्त मूलद्रव्यांवरून "अंबेनळी" असं लेबल लावणं घाईचं ठरेल.

वैनगंगा

आता हेलियम. हेलियम ४ युरेनियम-थोरियमच्या क्षयातून सतत तयार होतो, हेलियम ३ जवळजवळ सगळा पृथ्वी घडतानाचा. ३/४ हे गुणोत्तर वातावरणाच्या पटीत सांगतात. कटकांवर सुमारे ८ पट, रियुनियनवर १२ ते १४ पट, हवाईजवळच्या लोईही या समुद्राखालच्या ज्वालामुखीवर तिशीच्या वर. जास्त ३/४ म्हणजे वायू फारसा न गमावलेला खोल साठा.

लागतं ते ताजं ऑलिव्हीन, अर्धा ते एक ग्रॅम, एक मिलिमीटरच्या आसपासचे स्वच्छ दाणे. निर्वातात दाबून चिरडायचे, म्हणजे शिलारसाच्या बुडबुड्यांतला वायूच बाहेर येतो. वितळवलं तर स्फटिकाच्या जाळीतला वायूही येतो, आणि तिथे दोन घुसखोर असतात: जुन्या खडकात क्षयातून साचलेला हेलियम ४, आणि पृष्ठभागावर पडून राहिलेल्या दगडात विश्वकिरणांनी तयार केलेला हेलियम ३. दुसऱ्यामुळे आकडा खोटा मोठा येतो. म्हणून नमुना शक्यतो खोल कापणीतला किंवा अगदी ताज्या उद्रेकाचा.

दख्खनच्या बाजूने याचा उत्तम उपयोग १९९३ मध्ये झाला. राजस्थानातल्या मुंडवारा आणि सरनू-दंडाली या अल्कली खडकांत वातावरणाच्या १४ पटींपर्यंत ३/४ मिळालं, रियुनियनच्या पट्ट्यातच. स्ट्रॉन्शियमवरून जे नातं वादात राहतं, ते हेलियमने बरंच घट्ट होतं.

नागपूरच्या प्रवाहांत ताजं, मोठं ऑलिव्हीन क्वचित. बहुतेक इडिंगसाइट होऊन लालसर झालेलं असतं, त्याचा हेलियमसाठी उपयोग नाही. पातळ छेदात आधी बघून घ्या.

गिट्टीखदान

बेट म्हणजे खाली जुनं कवच नाहीच, हे पण पक्कं नाही. मॉरिशसच्या ट्रॅकाइट या ज्वालामुखी खडकात ३०० कोटी वर्षांपर्यंतचे झिरकॉन खनिजाचे स्फटिक सापडले, २०१७ मध्ये छापून आलं. बेट स्वतः ९० लाख वर्षांच्या आसपासचं. खाली जुन्या खंडाचा तुकडा दबून असन, असं त्याईचं म्हणणं.

वैनगंगा

बरोबर, आणि म्हणून या मार्गावर मॉरिशसपेक्षा रियुनियन बरा संदर्भ. तिथली मूल्यं इतकी एकसारखी आहेत की जागोजागी वेगवेगळं जुनं कवच मिसळलं असतं तर ती विखुरली असती. त्याच बेटावर आता निओडिमियम १४२ आणि टंगस्टन १८२ मोजतात. त्यांचे जनक, सॅमेरियम १४६ आणि हाफ्नियम १८२, पृथ्वीच्या सुरुवातीच्या काळातच संपले, त्यामुळे तिथला दशलक्षात काही भागांचा फरकसुद्धा अतिप्राचीन साठ्याकडे बोट दाखवतो.

नागनदी

माझ्याकडे सहा प्रवाहांचे नमुने आणि मोजणीची मर्यादित सोय आहे. काय आधी?

स्फटिका

पातळ छेद सगळ्यांचे. मूलद्रव्यं सगळ्यांची. त्यातून सगळ्यात जास्त मॅग्नेशियमचे दोन आणि सगळ्यात कमीचा एक निवडा. तिघांचं स्ट्रॉन्शियम-निओडिमियम धुतलेल्या पावडरीवर. जास्त मॅग्नेशियमच्या एकाचं न धुतलेल्यावरही. त्याच दोघांचं शिसं. तिरोडी नीसचा एक, बीएचव्हीओ-२ चा एक, आणि एक रिकामी बाटली, जिच्यात नमुना न घालता सगळी आम्लं आणि स्तंभ चालवायचे. बाटल्यांची मांडणी करताना नीस शेवटच्या रांगेत ठेवा, बसाल्टच्या शेजारी नको. त्यातलं स्ट्रॉन्शियम फार वेगळं असतं, एक थेंब उडाला तरी शेजारचा नमुना गेला.